प्रॉडक्शन कोसळल्यानंतर: कामाचा आरसीए कसा करायचा

आयटीत वर्षभर काम केलेल्या कुणालाही आरसीए म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या सिस्टिमवर, काहीतरी पडतं, रात्रभर ब्रिज कॉल (संबंधित सगळ्यांचा एकत्र फोन) चालतो, पहाटे सिस्टिम उभी राहते आणि सकाळी क्लायंटचा मेल येतो: २४ तासांत रूट कॉज ॲनॅलिसिस (आरसीए, म्हणजे मूळ कारणाचं विश्लेषण) पाठवा. टीम लीड मागच्या आरसीएची फाइल उघडतो आणि कारणाच्या रकान्यात लिहितो, ‘ह्यूमन एरर’. उपायाच्या रकान्यात लिहितो, ‘संबंधित डेव्हलपरला समज देण्यात आली असून यापुढे काळजी घेतली जाईल.’ काही महिन्यांनी दुसऱ्या डेव्हलपरच्या हातून तेच घडतं, कारण मधल्या काळात सिस्टिममध्ये काहीच बदललेलं नसतं.

त्या दोन रकान्यांत काय यायला हवं आणि तिथवर कसं पोचायचं, ते इथे पायरीपायरीने मांडतो आहे. चार ते दहा जणांची टीम चालवणारा लीड किंवा मॅनेजर डोळ्यांसमोर ठेवला आहे. माझं सांगणं एकच आहे: ज्याच्या हातून ती कमांड गेली त्याला तेव्हा काय दिसलं आणि काय वाटलं, हे त्याने मोकळेपणाने सांगितलं तरच खरं कारण हाती लागतं. तो मोकळेपणाने बोलेल की नाही, हे घटनेनंतरच्या पहिल्या काही तासांत मॅनेजर कसा वागतो त्यावर ठरतं.

आधी एक खरी घटना

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या डेटाबेसवर लोड वाढला होता आणि दुय्यम डेटाबेस (मुख्य डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी प्रत) मुख्य डेटाबेसच्या मागे पडला होता. एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी पुसून नव्याने कॉपी सुरू करायचं ठरवलं. कमांड चालली ती मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ती थांबवली, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरला होता.

‘ह्यूमन एरर’ लिहून इथे थांबता आलं असतं. पण बॅकअप शोधायला गेल्यावर एकेक गोष्ट बाहेर आली. नेहमीचा पीजी-डंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) निघतच नव्हता, कारण डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीचा आणि डंप घेणारं टूल ९.२ चं होतं. डंप फसल्याचे मेल जात होते, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता, त्यामुळे कुणाला पत्ता नव्हता. ॲझ्युर या क्लाउड सेवेचे डिस्क स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रती) डेटाबेस सर्व्हरसाठी सुरूच केलेले नव्हते. शेवटी कामी आला तो घटनेच्या सुमारे सहा तास आधी स्टेजिंगच्या (प्रॉडक्शनआधी चाचणी करायच्या सिस्टिमच्या) कामासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट. मधल्या सहा तासांचा डेटा गेला: अंदाजे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कॉमेंट आणि ७०० नवी खाती. कंपनीने दुरुस्तीची नोंद सगळ्यांना वाचता येईल अशा डॉक्युमेंटमध्ये ठेवली, यूट्यूबवर काम थेट दाखवलं आणि नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला.

चुकीच्या खिडकीत कमांड टाइप होणं कुणाच्याही हातून होऊ शकतं. बॅकअप बंद आहे आणि कुणालाच माहीत नाही, हा धोका त्याहून कितीतरी मोठा होता. त्या इंजिनिअरवर बोट ठेवून विषय मिटवला असता, तर तो धोका तसाच पडून राहिला असता. आपल्या हातून मुख्य सर्व्हर पुसला गेला हे त्याने लपवलं नाही, म्हणून पुढचे तास दुरुस्तीत गेले. ज्या टीममध्ये असं सांगायची भीती वाटते, तिथे तेच तास लपवालपवीत जातात.

पायरी १: कॉलवर कोण काय करणार ते आधी ठरवा

घटना चालू असताना चार कामं असतात. एकजण कॉल चालवतो आणि निर्णय घेतो. एकजण, फार तर दोघं, प्रत्यक्ष दुरुस्ती करतात. एकजण वेळेसकट नोंद ठेवतो. एकजण क्लायंटशी आणि वरच्यांशी बोलतो. टीम लहान असेल तर शेवटची दोन कामं एकाकडे दिली तरी चालतात. पहिली दोन मात्र कधीही एकाकडे देऊ नका. टर्मिनलमध्ये डोकं घातलेल्या माणसाला आजूबाजूचं दिसत नाही, आणि नेमकं आजूबाजूचं बघणं हेच कॉल चालवणाऱ्याचं काम आहे.

मॅनेजरने कॉलवर ‘हे कुणी केलं?’ असं विचारू नये. कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) कुणाचं ते गिट या कोडच्या नोंदवहीत अर्ध्या मिनिटात दिसतं, त्यासाठी तो प्रश्न लागत नाही. त्याचा परिणाम एवढाच होतो की पुढचा तासभर प्रत्येकजण आपलं कमिट निर्दोष आहे ना, हे तपासत बसतो. दर पाच मिनिटांनी ‘किती वेळ लागेल?’ विचारणंही तितकंच घातक. त्याऐवजी कॉल चालवणाऱ्याने स्वतःच सांगावं की पुढची माहिती २० मिनिटांनी देतो, आणि ती वेळ पाळावी.

रोलबॅकबद्दल, म्हणजे नवा बदल मागे घेण्याबद्दल, थोडं सविस्तर लिहितो. ‘आधी रोलबॅक करा, विचार नंतर’ हा नियम बहुतेक वेळा बरोबर असतो. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या ब्रोकर कंपनीत १ ऑगस्ट २०१२ ला तो उलटला. आठपैकी सात सर्व्हरवर नवा कोड गेला, आठव्यावर जुनाच राहिला. त्या जुन्या कोडमध्ये २००३ पासून न वापरलेला एक भाग होता, आणि नव्या कोडने त्याच भागाचा जुना फ्लॅग (तो भाग चालू-बंद करणारी खूण) वेगळ्या कामासाठी घेतला होता. बाजार उघडताच आठव्या सर्व्हरवर तो मेलेला भाग जागा झाला आणि ऑर्डरींचा पूर सुटला. घाईत टीमने उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला. फ्लॅग चालूच होता, त्यामुळे जुना भाग तिथेही जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. म्हणून रोलबॅक करण्याआधी कॉलवर एक प्रश्न मोठ्याने विचारा: कोड मागे गेला तर कॉन्फिग, फ्लॅग आणि डेटाबेसही त्याच्यासोबत मागे जाणार आहेत का? उत्तर ‘नाही’ असेल, तर फ्लॅग आधी बंद करा.

प्रत्येक धोकादायक कमांड चालवण्याआधी ती चॅटमध्ये टाका, सर्व्हरच्या नावासकट, आणि दुसऱ्या कुणीतरी ‘हो’ म्हटल्याशिवाय एंटर दाबू नका. याला दहा सेकंद लागतात, आणि टाइमलाइनची अर्धी नोंद आपोआप तयार होते.

पायरी २: झोपायला जाण्याआधी पुरावे उचला

सिस्टिम उभी राहिली की सगळ्यांना घरी जायचं असतं, आणि ते रास्तच आहे. तरी पंधरा मिनिटं थांबा. पॉड (ॲप चालवणारा सर्व्हरवरचा डबा) रीस्टार्ट झाला की त्यातले लॉग जातात, ग्राफ काही दिवसांनी तासाच्या सरासरीत मिसळतात, टर्मिनलची हिस्टरी दुसऱ्या कमांडींखाली गाडली जाते. ग्राफचे स्क्रीनशॉट, संबंधित लॉग, चॅटचा धागा, अलर्ट आल्याच्या वेळा आणि डिप्लॉयचा (नवा कोड सर्व्हरवर टाकण्याचा) नंबर एका फोल्डरमध्ये टाका. विश्लेषण उद्या करा.

टाइमलाइनमधलं घड्याळ एकच असू द्या. लॉग यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत), चॅट भारतीय वेळेत आणि क्लायंटचे मेल न्यूयॉर्कच्या वेळेत असतात. साडेपाच तासांचा फरक मनात मोजताना घटनांचा क्रम उलटा लागतो, आणि परिणामालाच कारण समजून भलताच निष्कर्ष निघतो. सगळं यूटीसीमध्ये लिहा आणि शेजारी भारतीय वेळ द्या.

पायरी ३: क्लायंटला पहिला निरोप

पहिल्या निरोपात तीन गोष्टी पुरतात: कशावर परिणाम झाला आहे, आत्ता काय चाललं आहे, पुढचा निरोप किती वाजता मिळेल. कारणाचा अंदाज लिहू नका. रात्री दोनला लिहिलेला अंदाज सकाळी ‘तुम्हीच तर म्हणाला होतात’ म्हणून समोर येतो, आणि मग टीम खऱ्या कारणाऐवजी तो अंदाज सिद्ध करत बसते.

निरोप पाठवायचं साधन पडलेल्या सिस्टिमवर अवलंबून नाही ना, हे शांततेच्या काळात तपासा. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची एस-थ्री ही डेटा साठवण्याची सेवा उत्तर व्हर्जिनियात कोसळली, तेव्हा सेवांची स्थिती दाखवणारं त्यांचं पानच एस-थ्रीवर टेकलेलं असल्याने काही काळ बदलता येत नव्हतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं, तेव्हा इंजिनिअरांची अंतर्गत साधनंही त्याच नेटवर्कसोबत गेली होती. महत्त्वाचे फोन नंबर कागदावर असावेत.

पायरी ४: मीटिंगच्या आधी एकट्याशी बोला

ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फरक हिनेच पडतो.

ज्याच्या हातून ती कमांड गेली किंवा ज्याचं कमिट होतं, त्याच्याशी मोठ्या मीटिंगआधी लीडने एकट्याने बोलावं. केबिनमध्ये बोलावून नको, चहाला घेऊन जा. मुलगा किंवा मुलगी फ्रेशर असेल, तर नोकरी जाईल का हा एकच विचार त्या डोक्यात असतो. घरी काय सांगायचं याची जुळवाजुळवही झालेली असते. त्या अवस्थेत माणूस आठवून बोलत नाही, बचाव करतो. सुरुवात अशी करा: ‘हे बघ, तुझ्या जागी मी असतो तरी ती कमांड गेली असती का, ते मला समजून घ्यायचंय. तू काय बघितलंस ते सांग, मग काय केलंस ते.’ आणि मग गप्प बसा. मध्ये ‘पण’ म्हणू नका.

या बोलण्यातून जे मिळतं ते लॉगमध्ये नसतं. ‘तो अलर्ट रोजच येतो, म्हणून आम्ही बघत नाही.’ ‘डॉक्युमेंटमधली पायरी चालत नव्हती, म्हणून मी ज्याला येतं त्याला विचारलं, त्याने ही कमांड दिली.’ ‘मला शंका होती, पण क्लायंट कॉलवर असताना विचारणं बरं दिसलं नसतं.’ यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे दुरुस्त करण्याजोगी एक जागा आहे. ते मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर कोण मांडणार, तो स्वतः की लीड, हेही तिथेच ठरवून घ्या.

पायरी ५: मीटिंग

घटनेनंतर एक ते तीन दिवसांत घ्या. त्याच सकाळी घेतली तर सगळे थकलेले असतात, आठवड्याने घेतली तर आठवणींची गोष्ट बनलेली असते. दीड तास ठेवा. घटनेत प्रत्यक्ष असलेले सगळे, शिवाय ज्यांच्या सेवेवर परिणाम झाला त्यांच्यातला एकजण, एवढे लोक पुरेत. ऐकायला म्हणून आलेले तीन सिनिअर मॅनेजर खोलीतला अर्धा आवाज बंद करतात. त्यांना नंतर लिखित अहवाल द्या.

मीटिंग घटनेबाहेरच्या माणसाने चालवावी. शेजारच्या टीमचा लीड चालेल. सुरुवातीला मॅनेजरने स्पष्ट सांगावं की इथे बोललेलं काहीही अप्रेझलमध्ये येणार नाही. आणि मग ते खरोखर येऊ देऊ नये. एकदा जरी मार्चमध्ये ‘त्या आउटेजमुळे तुझं रेटिंग’ असं वाक्य कुणाच्या कानावर गेलं, तर पुढची दोन वर्षं त्या टीममध्ये प्रत्येक आरसीए सजवलेला मिळेल.

‘तू नीट का नाही बघितलंस?’ या प्रश्नाला ‘सॉरी’शिवाय उत्तर नसतं. ‘तेव्हा स्क्रीनवर काय दिसत होतं?’ या प्रश्नाला उत्तर असतं, आणि बहुतेक वेळा कारणाचा धागा त्यातच असतो. ‘पुढे काय होईल असं वाटलं होतं?’, ‘याआधी असंच केल्यावर काय झालं होतं?’, ‘शंका आली असती तर कुणाला विचारलं असतंस?’ असे प्रश्न विचारा. निकाल माहीत असताना मागे वळून बघितलं की योग्य रस्ता उघड दिसतो. त्या क्षणी त्या माणसासमोर सारखेच दिसणारे चार रस्ते होते.

आपल्याकडे एक अडचण जास्त आहे. सिनिअरने मत दिलं की ज्युनिअर त्याविरुद्ध बोलत नाही. तिथे आदर असतो, संकोच असतो, लहानपणापासून लागलेली सवयही असते. म्हणून टाइमलाइन वाचताना सर्वांत ज्युनिअर माणसापासून सुरुवात करा आणि आर्किटेक्टला (सिस्टिमची रचना ठरवणाऱ्याला) शेवटी बोलू द्या. आर्किटेक्टला हे आधी विश्वासात घेऊन सांगा, तो नक्की समजून घेईल.

चूक कबूल करणाऱ्याला संरक्षण देण्याची पद्धत सॉफ्टवेअरच्या बरीच आधीची आहे. अमेरिकेत नासा १९७६ पासून विमान वाहतुकीसाठी गोपनीय अहवालांची यंत्रणा चालवते. गुन्हा किंवा अपघात नसेल आणि नकळत मोडलेला नियम दहा दिवसांत कळवला असेल, तर वैमानिकाला सहसा दंडातून सूट मिळते. सॉफ्टवेअरमध्ये हा विचार रुजवण्यात एट्सी कंपनीतल्या जॉन ऑलस्पॉ यांच्या २०१२ च्या लिखाणाचा मोठा वाटा आहे.

पायरी ६: कारणांचं झाड काढा

टोयोटात वाढलेली ‘पाच वेळा का विचारा’ ही पद्धत सगळ्यांना माहीत असते. ती चांगली आहे, फक्त ती एका सरळ रेषेत नेते, आणि कुठल्या रेषेत जायचं ते विचारणारा ठरवतो. लीडला डेव्हलपरवर राग असेल तर पाचव्या ‘का’ला डेव्हलपरच सापडतो. म्हणून प्रत्येक ‘का’ला किमान दोन उत्तरं शोधा. उदाहरण घेऊ.

समजा, तुमच्या टीमने ऑर्डरच्या टेबलवर नवा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) जोडला. डेटाबेस पोस्टग्रेस. संध्याकाळी सातला मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल चालवणारी फाइल) चालली आणि ऑर्डर घेणं ठप्प झालं. पोस्टग्रेसमध्ये साधी ‘क्रिएट इंडेक्स’ कमांड इंडेक्स पूर्ण होईपर्यंत त्या टेबलवरचं लिहिणं अडवून ठेवते. वाचणं चालू राहतं, त्यामुळे सुरुवातीला साइट ठीक दिसते. मग अडकलेल्या ऑर्डरी डेटाबेसची सगळी कनेक्शनं धरून बसतात आणि साधी पानंही उघडेनाशी होतात. यावर ‘कॉन्करंटली’ हा पर्याय आहे, तो लिहिणं अडवत नाही. वरवरचा आरसीए म्हणेल: डेव्हलपर ‘कॉन्करंटली’ लिहायला विसरला.

आता त्याच्याशी चौथ्या पायरीप्रमाणे बोला. तो सांगतो की त्याने ते लिहिलं होतं. पण ‘कॉन्करंटली’ ट्रान्झॅक्शनच्या (सगळ्या एकत्र पूर्ण होणाऱ्या किंवा रद्द होणाऱ्या कमांडींच्या गटाच्या) आत चालत नाही, आणि तुमचं मायग्रेशन टूल प्रत्येक फाइल आपणहून ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतं. त्याला एरर आला. ट्रान्झॅक्शन कशी बंद करायची ते टीमच्या विकीवर नव्हतं. त्याने तो शब्द काढला, स्टेजिंगवर चालवलं, एका सेकंदात झालं. विसरण्याचा प्रश्नच नव्हता, त्याला नियम माहीत होता आणि टूलने त्याला त्यापासून दूर ढकललं. सगळी कथाच बदलली.

इथून फांद्या फुटतात. स्टेजिंगवर का कळलं नाही? तिथे वीस हजार ओळी होत्या, प्रॉडक्शनवर आठ कोटी. रिव्ह्यूमध्ये का सुटलं? रिव्ह्यू करणाऱ्याला फक्त कमांड दिसत होती, टेबलाचा आकार दिसत नव्हता. संध्याकाळी सातलाच का? मायग्रेशन कोडच्या डिप्लॉयसोबत आपोआप चालते, वेळ वेगळी निवडताच येत नाही. कळायला वीस मिनिटं का लागली? अलर्ट एररच्या टक्केवारीवर होता, आणि अडकलेली रिक्वेस्ट टाइमआउट होईपर्यंत एरर धरली जात नाही. थांबवायला आणखी वीस मिनिटं का? ऑन-कॉल (त्या वेळी ड्युटीवर) असलेल्या मुलीला ती क्वेरी (डेटाबेसला दिलेली कमांड) थांबवायची परवानगीच नव्हती, आणि ज्याला होती तो लोकलमध्ये होता.

शेवटच्या दोन फांद्या नीट बघा. इंडेक्सशी त्यांचा काही संबंध नाही. पुढच्या वेळी वेगळ्याच कारणाने सिस्टिम अडकली तरी त्याच दोन गोष्टी पुन्हा चाळीस मिनिटं खातील. ‘हे का घडलं’ याइतकंच ‘कळायला आणि थांबवायला एवढा वेळ का लागला’ हे विचारायला हवं, आणि आरसीएत नेमका तोच भाग रिकामा राहतो.

पायरी ७: उपाय निवडताना कठोर व्हा

उपायांची ताकद सारखी नसते. सर्वांत पक्का उपाय म्हणजे चूक करणंच अशक्य होणं. त्याखालोखाल मशीनने अडवणं, मग मशीनने इशारा देणं, मग चेकलिस्ट, मग ट्रेनिंग. ‘काळजी घेतली जाईल’ हा उपायच नाही, तो यादीतून काढून टाका.

एस-थ्रीच्या त्या घटनेत एका अधिकृत कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीनेच कमांड दिली होती. थोडे सर्व्हर काढायचे होते, कमांडमधली एक नोंद चुकीची गेली आणि कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. ॲमेझॉनने नंतर ते टूलच बदललं: ते आता सर्व्हर हळूहळू काढतं आणि किमान क्षमतेच्या खाली जाऊ देत नाही. नोंद चुकीची टाइप होणं कुठलंही ट्रेनिंग थांबवू शकत नाही. टूल थांबवू शकतं.

इशाऱ्यांवर मात्र फार भिस्त ठेवू नका. नाइट कॅपिटलमध्ये त्या सकाळी बाजार उघडण्याआधी सिस्टिमने त्याच बिघाडाचा उल्लेख असलेले ९७ मेल पाठवले होते. ते अलर्ट म्हणून बनवलेले नव्हते आणि कुणी त्यांवर हालचाल केली नाही. मेलच्या फोल्डरमध्ये जाऊन पडणारा इशारा म्हणजे इशारा नाही. ज्यावर कुणीतरी उठून काहीतरी करायचं आहे तोच अलर्ट ठेवा, बाकीचे बंद करा.

आपल्या उदाहरणात मी तीन उपाय घेईन. एक, ‘कॉन्करंटली’ नसलेला इंडेक्स सीआयमध्येच (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेतच) नापास व्हावा, आणि त्या एररच्या मजकुरातच ट्रान्झॅक्शन कशी बंद करायची ते लिहिलेलं असावं. दोन, मायग्रेशनच्या युजरला स्टेटमेंट टाइमआउट (ठरावीक वेळेपेक्षा जास्त चाललेली कमांड आपोआप थांबवणारी मर्यादा) लावावा. ‘कॉन्करंटली’ इंडेक्सला जास्त वेळ लागतो, त्याच्यापुरता तो वाढवावा. असा इंडेक्स मध्येच तुटला तर अवैध अवस्थेत मागे राहतो, तो काढून पुन्हा बनवावा लागतो, हेही त्याच जागी लिहा. तीन, ऑन-कॉलवरच्या प्रत्येकाला क्वेरी थांबवायची परवानगी. स्टेजिंगवर आठ कोटी ओळी आणणं मोहक वाटतं, पण ते दोन महिन्यांचं काम आहे आणि पहिल्या उपायाने त्याची तातडी संपते. ते बॅकलॉगमध्ये (नंतरच्या कामांच्या यादीत) जाऊ द्या.

तिनाहून जास्त उपाय घेऊ नका. बारा उपायांची यादी क्लायंटला बरी दिसते आणि तिच्यातलं काहीच पूर्ण होत नाही. प्रत्येक उपायाला एक माणूस, एक तारीख आणि पूर्ण झाल्याची दाखवता येण्याजोगी खूण हवी. ‘सीआय नियम जोडला’ ही खूण नाही. ‘मुद्दाम चुकीची मायग्रेशन पाठवली आणि सीआयने ती नाकारली’ ही खूण आहे. ही तिकिटं (कामाच्या नोंदी) टीमच्या कामांच्या त्याच जिरा बोर्डवर, कामाच्या त्याच टप्प्यात म्हणजे स्प्रिंटमध्ये, फीचरच्या शेजारी ठेवा. वेगळ्या एक्सेलमध्ये गेलेला उपाय तिथेच राहतो. प्रॉडक्ट ओनर नको म्हणाला, तर मागच्या सहा महिन्यांत पुन्हा उद्भवलेल्या घटना आणि त्यात गेलेले टीमचे तास त्याच्यासमोर ठेवा. तो आकडा सहसा फीचरच्या अंदाजापेक्षा मोठा निघतो.

पायरी ८: लिहिणं

दोन प्रती कराव्या लागतात, एक क्लायंटसाठी आणि एक आपल्यासाठी. तपशील कमी-जास्त असतील, तथ्यं एकच असली पाहिजेत. मथळे साधे ठेवा: परिणाम, टाइमलाइन, कारणं, काय चांगलं चाललं, उपाय. ‘काय चांगलं चाललं’ हा भाग गाळू नका. ज्याने रात्री अचूक ग्राफ काढून दाखवला त्याचं काम तिथे नोंदलं जातं, आणि जे नशिबाने वाचलं तेही तिथेच उघड होतं. गिटलॅबचा तो हाताने घेतलेला स्नॅपशॉट हे नशीबच होतं.

नावांच्या जागी भूमिका लिहा. ‘मायग्रेशन लिहिणाऱ्या डेव्हलपरने कॉन्करंटली पर्याय वापरला होता. टूलने ट्रान्झॅक्शनचा एरर दिला. एररमध्ये पुढचा मार्ग नसल्याने त्याने पर्याय काढला. स्टेजिंगवर बदल एका सेकंदात पूर्ण झाला.’ वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की या जागी आपणही हेच केलं असतं. ‘बदल केला गेला’, ‘तपासणी राहून गेली’ अशी कर्ता गायब केलेली वाक्यंही नकोत. त्यांत दोष कुणालाच लागत नाही, पण कोणती गोष्ट कुठून घडली तेही कळत नाही.

क्लायंट नाव मागेल. काही मागतात, आणि ‘त्या व्यक्तीला प्रोजेक्टवरून काढा’ असंही म्हणतात. अशा वेळी मॅनेजरने आपलं नाव द्यावं: या टीमच्या डिलिव्हरीची जबाबदारी माझी आहे. आणि लगेच पहिल्या उपायाची तारीख सांगावी. ज्या मुलाला ते मायग्रेशन टूल आता टीममध्ये सर्वांत चांगलं कळलं आहे, त्यालाच प्रोजेक्टवरून हलवण्यात क्लायंटचंही नुकसान आहे, हे त्यांना सांगता येतं.

कुणी जाणूनबुजून सुरक्षेचे नियम ओलांडले असतील किंवा पुरावे पुसले असतील, तर तो विषय वेगळा आहे. तो एचआरकडे स्वतंत्रपणे न्या, या मीटिंगमध्ये आणू नका. अशी वेळ क्वचित येते.

पायरी ९: महिन्याभराने

३० दिवसांनी अर्ध्या तासाची एक बैठक लावा आणि तिन्ही उपायांच्या खुणा प्रत्यक्ष करून बघा. चुकीची मायग्रेशन खरोखर पाठवा. ऑन-कॉलवरच्या माणसाला स्टेजिंगवरची एखादी क्वेरी थांबवून दाखवायला सांगा.

त्याच दिवशी बॅकअपही परत आणून बघा. बॅकअप तयार झाल्याचा हिरवा टिक पुरेसा नाही. कोऱ्या सर्व्हरवर तो उतरवा, ओळी मोजा, सर्वांत अलीकडची नोंद कधीची आहे ते बघा आणि एकूण किती वेळ लागला ते लिहून ठेवा, कारण पुढच्या आउटेजमध्ये क्लायंट तोच आकडा विचारेल. हे काम ज्याने बॅकअपची स्क्रिप्ट लिहिली त्याला देऊ नका. टीममध्ये सर्वांत नवीन आलेल्याला विकीवरच्या सूचना देऊन बसवा, शेजारी एकजण गप्प बसू द्या, आणि तो जिथे अडेल तिथे लगेच सूचनांत एक ओळ वाढवा.